बाही संपेचना

पहाटे साडेतीनला तिचा दिवस उजाडायचा. उजाडायचा हे आपलं म्हणायचं. बाहेर मिट्ट काळोख, आणि गजर वाजायच्या आत तिचा हात गजरावर. शेजारी नवरा गाढ झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून ती दिवा लावायची नाही. अंधारात वेणी, अंधारात चहा. चपला हातात घेऊन बाहेर पडायची आणि जिन्यात आल्यावर पायात घालायची. पाचच्या ठोक्याला विणकामाच्या कारखान्यात तिची पाळी सुरू व्हायची.

कारखान्यात तिला सगळे सुईबाई म्हणत. स्वेटर विणणाऱ्या मशीनमध्ये एकेका पट्टीत शेकड्यांनी सुया असतात आणि प्रत्येक सुईच्या टोकाला बारीक आकडा असतो. तो वाकला की टाका सुटतो, आणि एक टाका सुटला की कापडात वरपासून खालपर्यंत शिडीसारखी फट पडत जाते. वाकलेली सुई हुडकायची, उपसायची, नवी बसवायची, सुटलेला टाका उचलून आणायचा. हे काम उभ्यानंच होतं. मान खाली, कंबर अर्धी वाकलेली, एका हातात चिमटा. पाळी संपली की पाठ सरळ करायला भिंतीचा आधार लागतो. हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

नवरा बाटल्यांच्या कारखान्यात, भट्टीवर. दुपारी दोन ते रात्री दहा. तिची पाळी एकला संपायची, तो त्यानंतर थोड्याच वेळात घरातून निघायचा. म्हणजे भेट व्हायची ती जिन्यात. ती चढताना, तो उतरताना, वळणावर.

"झाकून ठेवलंय," तो म्हणायचा.

"मीठ?"

"घातलंय बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय हो?"

तोवर तो खालच्या दाराशी पोचलेला असायचा. "खाऊन बघ, कळेल!"

तळमजल्यावर त्याची धाकटी बहीण राहायची. तिचं दार कायम अर्धं उघडं आणि कान पूर्ण उघडे. "वहिनी," ती हाक मारायची, "तुमचा सगळा संसार जिन्यात. वरच्या खोलीचं भाडं कशाला भरता?"

"वन्सं, खोली नसती तर जिना कुठे नेला असता?"

त्या खोलीत एक टेबल होतं आणि एक खुर्ची. लग्न झाल्यावर टेबल घेतलं, एक खुर्ची घेतली, दुसरी पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले. पुढच्या महिन्यात पाळ्या अशा लागल्या की दोघांनी एकदम बसायची वेळच आली नाही. जी वस्तू वापरायचीच नाही ती घ्यायची कशाला? तिची सुटी रविवारी, त्याची बुधवारी, कारण भट्टी रविवार ओळखत नाही. चुकून दोघं एकदम घरी असले तर एकजण पत्र्याच्या पेटीवर बसायचा. पेटी खुर्चीपेक्षा ठेंगणी. त्यामुळे टेबलाच्या कडेवरून फक्त डोळे आणि कपाळ दिसायचं, आणि खुर्चीतलं माणूस उगाचच मोठा साहेब वाटायचं.

रोज दुपारी ती वर येऊन खुर्चीत बसायची तेव्हा खुर्ची कोमट असायची. नुकताच उठून गेलेला नवरा तिला भेटायचा तो एवढाच. पण ती कोमट जागा चुकायला नको म्हणून ती जिना भराभर चढायची.

कॉम्प्युटरशी तिची गाठ पडली ती भांडणातून. एका मशीनची एकच सुई पुनःपुन्हा मोडत होती. तिनं तीच सुई चार दिवस बदलली, पाचव्या दिवशी चिमटा आपटून थेट नमुन्यांच्या खोलीत गेली. तिथे ताई बसायची. मशीननं काय विणायचं ते कॉम्प्युटरवर आखून देणं हे ताईचं काम. वयानं सुईबाईपेक्षा थोडी मोठी, बोलायला फटकळ.

"सुई वाईट नाही," सुईबाई म्हणाली, "तुमचा नमुना वाईट आहे. एकाच सुईवर दोन धागे चढवताय."

ताईनं फाइल उघडली. बघितलं. म्हणाली, "खरंय. चूक माझी." आणि दुरुस्त केलं. झालं भांडण.

पण सुईबाई जाईना. "हा नमुना आत असतो कुठे?" तिनं विचारलं.

ताईनं दाखवलं. "नमुने" नावाचा फोल्डर. त्यात वर्षं. वर्षात हंगाम. हंगामात पुरुष, बायका, लहान मुलं. त्यांच्या आत बाही, गळा, पाठ. आणि मग माणसांनी घातलेला गोंधळ: "नवीन", त्याच्या आत "नवीन दोन", त्याच्या आत "शेवटचं", त्याच्या आत "खरंच शेवटचं", आणि सगळ्यांच्या पोटात एक फोल्डर, त्याचं नाव "आता कुणी हात लावू नका".

"त्याच्या आत काय आहे?"

"हात लावला नाही," ताई म्हणाली.

दोघी हसल्या आणि तिथून शिकवणी सुरू झाली. आठवड्यातले दोन दिवस, पाळी संपल्यावर, सी भाषा, कॉम्प्युटरला काम सांगायची. हे दोन दिवस जिन्यातली भेट बुडायची. ती घरी पोचेपर्यंत खुर्ची गार झालेली असायची.

आठ तास उभं राहून झाल्यावर बसून शिकायचं सोपं असेल असं ज्याला वाटतं त्यानं करून बघावं. अंग टेकलं की डोळे मिटतात. पहिल्या दिवशी सुईबाई कीबोर्डवर कपाळ टेकून झोपली आणि पडद्यावर एकच अक्षर ओळीच्या ओळी भरून गेलं. दुसऱ्या खेपेला तिनं सुताच्या बॉबिनचं खोकं आणलं, टेबलावर ठेवलं, त्यावर कीबोर्ड ठेवला आणि उभी राहिली. सगळी सी ती उभ्यानं शिकली. ताईची मान वर बघून बघून अवघडायची, पण तिनं कधी तक्रार केली नाही.

ताईनं तिला दिलेलं मोठं काम म्हणजे हे फोल्डरांचं झाड फिरायचं. एका फोल्डरात शिरायचं, आतली नावं एकेक करून घ्यायची. फाइल असेल तर बघायची. फोल्डर असेल तर त्यात शिरायचं आणि तिथेही हेच करायचं. म्हणजे प्रोग्रामचा जो तुकडा, जे फंक्शन फिरतंय त्यानं स्वतःलाच पुन्हा हाक मारायची.

"स्वतःला हाक मारून माणूस परत कसा येणार?" सुईबाईनं विचारलं.

"सुटलेला टाका कसा उचलतेस?"

सुईबाईनं हवेत चिमटा धरून दाखवलं. "शिडी जिथवर उतरली तिथवर खाली जायचं. सगळ्यात खालचा टाका धरायचा. मग एकेक पायरी वर ओढत यायचं, जिथून सुटला होता तिथवर." बोलता बोलता ती थांबली. "असं होय!"

"असंच. प्रत्येक पायरीला आपली जागा आठवते. तू खाली असताना वरच्या पायऱ्या वाट बघत थांबलेल्या असतात."

कळलं, पण कळणं आणि जमणं यात अंतर असतं. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तो एकाच फोल्डरात गरगर फिरत बसला, येरे माझ्या मागल्या. ताईनं सांगितलं की प्रत्येक फोल्डरात दोन नावं न घालता आलेली असतात. एक टिंब, म्हणजे हीच खोली. दोन टिंबं, म्हणजे जिथून आलास ती खोली. ती दोन्ही ओलांडून जायचं, नाहीतर माणूस उंबऱ्यातच म्हातारा व्हायचा. ते जमलं, तर प्रोग्राम भरपूर फोल्डर फिरून मध्येच थांबला. पुढचा फोल्डर उघडेना.

"आत गेलीस," ताई म्हणाली, "काम केलंस, बाहेर आलीस. दार कोण लावणार? तुझी सासू?"

उघडलेला प्रत्येक फोल्डर काम झाल्यावर बंद करावा लागतो; उघडी दारं फार झाली की कॉम्प्युटर नवं दार उघडू देत नाही. सुईबाईनं बंद करायची ओळ घातली. त्या फंक्शनला तिनं नाव दिलं फिरस्ता. तो आता सगळं झाड फिरून मुकाट घरी यायला लागला.

"पण हा नुसता फिरतोच," ती म्हणाली. "हातानं काही करत नाही. आमच्या जाऊबाईंसारखा."

"त्यानं करूच नये," ताई म्हणाली. "फिरणाऱ्यानं फिरावं. काम करणारा वेगळा ठेव. फिरस्त्याला निघताना एका कारागिराचा पत्ता दे. फाइल दिसली की त्यानं त्या पत्त्यावर हाक मारायची आणि म्हणायचं, ही घे फाइल, तुझं तू बघ. कारागीर काय करतो याच्याशी फिरस्त्याला देणंघेणं नाही. कारागिरानं शून्य परत दिलं तर पुढे चालायचं. दुसरं काही दिलं तर समजायचं काहीतरी बिनसलंय, आणि घरी यायचं."

कारागीर म्हणजे दुसरं एक फंक्शन. सी भाषेत फंक्शनचा पत्ता असा दुसऱ्याच्या हाती देता येतो. याला कॉलबॅक म्हणतात. सुईबाईला हे सगळ्यात आवडलं. तिच्या कामातही तसंच होतं: मशीनजवळ चालत जाणं वेगळं आणि चिमटा, तेल, कात्री यांतलं काय वापरायचं ते वेगळं. पाय तेच, हत्यार बदलायचं.

हे सगळं अंगवळणी पडायला दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडाशी दोन गोष्टी एकदम झाल्या. मालकांनी नवी मशीन मागवली, बारीक सुयांची. आणि ताईच्या नवऱ्याची बदली झाली. ताई महिनाअखेर जाणार, नमुन्यांची खोली रिकामी.

मालक आडमुठे नव्हते. जुन्या खोकल्याचे, कमी बोलणारे. त्यांनी दोघींना बोलावलं. "जुने नमुने नव्या मशीनवर चढत नाहीत. सूत बारीक झालंय, त्यामुळे जुनी एक ओळ म्हणजे नव्या दोन ओळी. रुंदीचं मशीन बघून घेतं, लांबी नमुन्यातच वाढवायला लागते. सगळ्या नमुन्यांच्या ओळी दुप्पट करून पाहिजेत. ताई म्हणतात, तुम्ही कराल. केलंत तर ताईंची जागा तुमची. नाहीतर बाहेरून माणूस आणतो. त्यात माझं काही वैर नाही."

"ताईंची जागा म्हणजे," सुईबाईनं जपून विचारलं, "ताईंची वेळसुद्धा?"

"जागा ताईंची आणि वेळ सुयांच्या पट्टीची, असं कसं चालेल? नऊ ते पाच."

ती हिशोब करत बाहेर आली. नऊला यायचं म्हणजे घरातून साडेआठला निघायचं. म्हणजे सकाळी नवरा उठेल तेव्हा ती घरात. म्हणजे अंधारात चहा नाही. रात्री तो येईल तेव्हा जागी राहिली तरी चालेल. पगारही वाढणार होता, पण तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. दोन माणसं एका टेबलाशी एकदम, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

जिन्यात तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एक पायरी मागे चढला. "आणि नाही जमलं तर?"

"तर झाकून ठेवत जा."

"बाई, नीट कर गं," तो म्हणाला आणि धावला.

तिनं नीटच केलं. फिरस्ता तयार होता, त्याला हात लावायचा नव्हता. नवा कारागीर लिहिला: फाइल घे, ओळी दुप्पट कर, नवी फाइल तयार कर. नवी फाइल ठेवायची कुठे, हा प्रश्न तिला पडलाच नाही. जन्मभर ती जुनी सुई काढून ट्रेमध्ये ठेवत आली आणि नवी त्याच ट्रेमधून, जुनीच्या शेजारून उचलत आली. जुनं नवं एका ट्रेत, म्हणजे काही हरवत नाही. हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तशीच तिनं नवी फाइल जुनीच्या शेजारी, त्याच फोल्डरात ठेवली, नावापुढे "नवी" जोडून. तीन-चार फाइलींच्या एका छोट्या फोल्डरावर चालवून बघितलं. चोख. ताईनंही बघितलं, मान हलवली. मग सगळ्या झाडावर सोडलं.

बुधवारी मालकांसमोर नव्या मशीनवर परीक्षा. मालकांनी बोट ठेवलं ते लहान मुलाच्या बाहीवर, सगळ्यात गजबजलेल्या फोल्डरातल्या. त्या नमुन्याची सगळ्यात ताजी फाइल मशीन आपणहून उचलायचं. बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागलं आणि खालून मऊ निळी बाही उतरायला लागली.

मनगट आलं. कोपर आलं. कोपर जरा लांबलं.

"मुलगा उंच दिसतोय," तेलवाला म्हणाला. मशीनला तेल द्यायला आलेला, पण आता तेलाचं भांडं बाजूला ठेवून बघत उभा.

बाही जमिनीला टेकली. वळली. ढीग व्हायला लागला. तेलवाल्यानं बाहीचं टोक उचललं आणि मागे मागे चालत निघाला. "येऊ द्या, येऊ द्या!" त्याचा आवाज दूर जात गेला, शेजारच्या मशीनवरच्या बायका काम सोडून बाही हातोहात झेलायला लागल्या. टोक दारापर्यंत पोचलं तरी बाही संपेचना.

"हत्तीची आहे का हो?"

"हत्तीला बाही कशाला, सोंडेला असेल!"

मालकांना खोकला आला की हसू, ते कळलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं. "उद्या एकपर्यंत," ते सुईबाईला म्हणाले. "एकनंतर मी बाहेर फोन करतो." आणि गेले. जाताना बाहीवर पाय पडू नये म्हणून ती ओलांडून गेले.

त्या दिवशी नवऱ्याची सुटी होती. तो फाटकापाशी येऊन थांबला होता, हातात डबा. ती बाहेर आली ती गळ्याभोवती निळ्या बाहीचे वेढे घेऊन. तेलवाल्यानंच गुंडाळले होते.

"जमलं?" त्यानं विचारलं.

"हे बघ जमलेलं."

त्यानं एक टोक हातात घेतलं, माप घेत घेत पुढे चालत गेला. मग ते टोक आपल्या गळ्यात गुंडाळलं. दोघं एकाच बाहीत अडकून घरी गेले. वळणावर बाही ताणली गेली की तो थांबायचा.

घरी तो पेटीवर बसला, तिला खुर्ची दिली. "घोडं कुठे पेंड खातंय?" त्यानं विचारलं.

"ते कळलं असतं तर बाही एवढी झाली असती का?"

"बरं, मग नको विचारू म्हणतेस?"

"विचार. पण उद्या."

दुसऱ्या दिवशी पाळीवरून तिला सुट्टी दिली होती. तेलवाल्यानं तिच्या सुया सांभाळायचं कबूल केलं आणि पहिल्या तासातच बोटात एक टोचून घेतली. ती खोक्यावरच्या कीबोर्डपुढे उभी राहिली. ताई शेजारी, पण गप्प. जाणाऱ्या माणसानं सांगून टाकलं तर राहणाऱ्याला काय येणार?

सुईबाईनं दुप्पट करणाऱ्या कारागिराची हिशोबाची ओळ तपासली. बरोबर होती. पुन्हा तपासली. बरोबर. मग तिनं मशीन बिघडल्यावर करायची ती गोष्ट केली: दुरुस्ती थांबवली आणि नुसतं बघायचं ठरवलं. फिरस्त्याला हात न लावता तिनं दुसरा कारागीर लिहिला. एक ओळीचा. ह्यानं काही करायचं नाही. जी फाइल हातात येईल तिचं फक्त नाव पडद्यावर मांडायचं. फिरस्त्याच्या खिशात जुन्याऐवजी ह्याचा पत्ता ठेवला आणि सोडला.

नावं सरसर उतरायला लागली. छोट्या फोल्डरांत सगळं ठीक: बाही, बाही-नवी. मग तो गजबजलेला फोल्डर आला. बाही. बाही-नवी. बाही-नवी-नवी. बाही-नवी-नवी-नवी.

ती पडद्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली. खोकं हललं, कीबोर्ड घसरला, तो तिनं गुडघ्यानं अडवला.

"काय झालं?" ताई दचकली.

"ताई, ट्रे! मी नवी सुई जुन्या ट्रेमध्येच ठेवली. हा बिचारा फिरस्ता परत ट्रेमध्ये हात घालतो, त्याला ती सापडते, तो म्हणतो, अरे ही राहिली की! परत दुप्पट. मग परत सापडते."

"मागचे पाढे पंचावन्न," ताई म्हणाली. तिनं कपाळावर हात मारला. "आणि मी मान हलवली होती!"

"मग छोट्या फोल्डरात का नाही झालं?"

ते ताईनं सांगितलं. फिरस्ता नावं एकेक मागत असला तरी कॉम्प्युटर आतून ती मूठ-मूठ भरून आणतो. खोली लहान असली की सगळी नावं पहिल्याच मुठीत येतात. नंतर काही नवं येऊन पडलं तरी त्याची गाठ पडत नाही. मोठ्या खोलीत मुठी बऱ्याच लागतात, आणि नव्या फाइली पुढच्या मुठीत येऊ शकतात. काही येतात, काही येत नाहीत. कुणाचं नशीब कसं. ज्या झाडावर चाललोय त्यालाच चालता चालता पानं लावायची नाहीत, हा धडा.

एक वाजायला वेळ होता, पण फार नव्हता. सुईबाईनं आधी तिसरा कारागीर लिहिला: नावात "नवी" दिसली की पुसून टाक, बाकी कशाला हात लावू नकोस. फिरस्ता निघाला, झाडून-पुसून परत आला. मग पहिल्याच कारागिरात एक बदल: तयार फाइल ह्या झाडात ठेवायचीच नाही, बाहेर वेगळा फोल्डर, तिथे. फिरस्ता पुन्हा निघाला. तोच फिरस्ता, तीच चाल. खिशातला पत्ता तेवढा बदललेला. दुसऱ्या कुणी फिरणं आणि काम एकातच कालवलं असतं तर सगळं उसवून पुन्हा विणावं लागलं असतं. हिनं नुसतं हत्यार बदललं.

ती नवा फोल्डर उघडून बघायला लागली. सगळ्यात गजबजलेला आधी. एकेक बाही, एकदाच. ओळी दुप्पट, एकदाच. मग त्या "आता कुणी हात लावू नका"मध्ये डोकावली. त्यात एकच नमुना होता: बाहुलीचं टोपडं. कुणी, कुणासाठी आखलं, देव जाणे.

मालक आले. पुन्हा तीच बाही. मशीन गुणगुणलं. मनगट आलं, कोपर आलं. तेलवाला बोटाला चिंधी बांधून टोक धरायला सज्ज. आणि खांदा आला, आणि मशीन थांबलं.

"एवढीच?" तेलवाला म्हणाला. "मी दारापर्यंत जायच्या तयारीत होतो."

मालकांनी बाही हातात घेतली. आपली तीन बोटं तिच्यात घालून मनगटापर्यंत नेऊन पाहिली. "सोमवारपासून नऊला या," ते म्हणाले.

"सकाळच्या ना?" सुईबाईनं विचारलं. पहाटे साडेतीनला उठणाऱ्या माणसाला नऊ म्हणजे भर दिवस वाटतो.

"मग काय रात्रीच्या?" मालक म्हणाले, आणि ह्या वेळी तो खोकला नव्हता.

ती धावत निघाली. घराचा जिना. वळण. तो उतरत होता, हातात डबा, नजर पायरीवर.

"झाकून ठेव—"

"सोमवारपासून नऊ!" तिनं दम खात सांगितलं.

"काय नऊ?"

"नऊला जायचं. सकाळी. साडेआठपर्यंत मी घरात."

त्याला कळायला वेळ लागला. पहिली पायरी कळली, मग दुसरी, मग पूर्ण जिना. तो तिथेच पायरीवर बसला. ती शेजारी बसली. पायरी अरुंद, दोघांची खांद्याला खांदा लागून दाटी झाली.

"मी उठेन तेव्हा तू असशील?"

"असेन."

"चहा कोण करेल?"

"आधी उठेल तो."

"म्हणजे तूच," तो म्हणाला, आणि हसत हसत त्यानं डोळे पुसले. खाली बस येऊन थांबली आणि त्याला न घेताच गेली.

अर्धं दार पूर्ण उघडलं. "दादा! भट्टी विझली का? आणि दोघं जिन्यात काय बसलात, घरात खुर्ची कमी पडली की काय?"

"हो गं," तो म्हणाला. "एक कमी पडतेय."

त्या दिवशी त्याला उशीर झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मुकादमानं कारण विचारलं तर म्हणाला, "बायको भेटली."

महिना गेला. नव्या कामातही तिच्या पाठीला आराम नव्हता. बसून पाठ वेगळ्या जागी दुखते, एवढाच फरक. म्हणून ती अर्धा दिवस खोक्यासमोर उभी राहायची. ताई गेली. जाताना खोकं मागे ठेवून गेली आणि म्हणाली, "नव्या माणसाला शिकवशील तेव्हा मान वर करून बघ, कसं वाटतं ते."

पहिला पगार हातात आला त्या संध्याकाळी ती सुताराकडे गेली. त्यानं तीन खुर्च्या दाखवल्या. तिनं प्रत्येकीला उलटी करून पायांचे सांधे बघितले, दोन नाकारल्या. तिसरी डोक्यावर घेऊन जिना चढली. नणंदेनं वाटेत अडवून आधी स्वतः बसून बघितलं. "हलत नाही," तिनं निकाल दिला. "चढा वर."

सकाळी दोघं समोरासमोर बसली. मध्ये टेबल, टेबलावर चहा. खिडकीतून ऊन आलेलं. तो निळी बाही गळ्यात गुंडाळून बसला होता; अजून दोन वेढे उरून जमिनीवर पडले होते. दोघंही बोलेनात. इतकी वर्षं उतरता-चढता बोलायची सवय; बसून काय बोलतात ते ठाऊकच नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "झाकून ठेवलंय."

"काय?"

"काही नाही. तोंडाला सवय."

ती एवढी हसली की चहा सांडला, पुसायला उठली, पुसून परत आली. खुर्ची कोमट होती. तिची स्वतःचीच.

त्या पगारातून दुसरं काही आलं नाही. खुर्ची आली. शिसवीची नव्हे, साध्या लाकडाची, चार पायांची, न हलणारी.